पत्रात मंगला, शिशीवर वेणू

"रक्ताचा नमुना बाहेरगावाहून प्राप्त झाला."

आमच्या डॉक्टरांनी एका स्मरणिकेत लेख लिहिला होता, त्यातलं हे वाक्य. स्मरणिका मी अजून जपून ठेवली आहे, पण प्रेमानं नव्हे. प्राप्त झाला म्हणे. देवळात प्रसाद प्राप्त होतो. खामगावचं रक्त मुंबईला आपोआप प्राप्त होत नाही. ते कोणाला तरी मांडीवर घेऊन बसावं लागतं, भुसावळला बर्फासाठी भांडावं लागतं आणि मुंबईच्या खिडकीवर कारकुनाची बोलणी खावी लागतात. तो कोणीतरी म्हणजे मी. त्याच पानावर खाली लिहिलं आहे, "दोन नमुने नावाविना तपासण्यात आले." ही युक्ती तर डॉक्टरांचीही नव्हे आणि माझीही नव्हे. ती वरवट बकालच्या एका कास्तकाराची, मराठी चौथी शिकलेल्या माणसाची. त्याचा मला त्या दिवसांत असा राग होता, की त्याची जीप रस्त्यानं गेली तरी माझं डोकं तापायचं.

तेव्हा आता ज्यानं केलं त्यानंच सांगितलेलं बरं.

मी रक्त-लघवी तपासणारा माणूस. वडील धाड गावच्या बाजारात मिरच्या विकायचे. पोत्यामागे बसून मी भाव करायला शिकलो. समोरच्याचे डोळे मालावर आहेत की दुसऱ्या दुकानावर, हे पाहून आकडा बोलायचा. राग मात्र शिकावा लागला नाही, तो घरचाच होता. सरकारी दवाखान्यात काचपट्ट्या धुण्यापासून सुरुवात केली, मग नागपूरला जाऊन पदविका घेतली आणि खामगावात एका खोलीत स्वतःची लॅब टाकली. महाराष्ट्र होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नव्हता, म्हणून रक्त फिरवायचं यंत्र मी हातानं फिरवायचं घेतलं होतं. गिरणीच्या चाकासारखा दांडा गरागरा फिरवायचा. लाल पेशी खाली बसतात आणि वर गव्हाच्या काडाच्या रंगाचं पाणी राहतं, त्याला सिरम म्हणतात. हे न करता नुसतं रक्त एस.टी.त ठेवलं, तर आपल्या रस्त्यांवर ते इतकं घुसळून निघतं की पेशी फुटतात, सगळं लाल होतं आणि कामातून जातं. माझं सिरम कधी लाल झालं नाही. माझ्याबद्दल लोक काय काय बोलतात ते मला माहीत आहे, पण हे माझा वैरीही कबूल करील.

तर चैत्रातली गोष्ट. दुपारी पिंपळगाव राजाचा गजानन नावाचा एक तरणा शेतकरी आपल्या बहिणीला घेऊन आमच्या डॉक्टरांकडे आला. डॉक्टरांचा दवाखाना आणि माझी लॅब एकाच ओट्यावर, मधे एक भिंत. बहिणीचं सासर वरवट बकालला. वय असेल बावीस-तेवीस. सासरच्यांनी तिला चार महिन्यांपूर्वी माहेरी आणून सोडलं होतं. कामाचा कंटाळा, दुसरं काही नाही, असं सांगून.

"सकाळी चांगली रायते," गजानन म्हणाला. "दुपार झाली का इचं काही खरं नाही."

"काय होतं, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"झापड पडते," ती म्हणाली.

डॉक्टर पुण्याकडचे. त्यांनी कागदावर लिहिलं, झोप फार, अशक्तपणा. "रात्री झोप लागत नाही का?"

"झोप नाही, डॉक्टरसाहेब. झापड. ही." तिनं बोटानं स्वतःची पापणी दाखवली. डॉक्टर तेव्हा औषधाचं नाव लिहीत होते. त्यांनी काही वर पाहिलं नाही. रक्तात लाली किती आहे ते पाहायला तिला माझ्याकडे पाठवलं.

शीर वर यावी म्हणून आम्ही माणसाला मूठ आवळायला आणि सोडायला लावतो. दिवसातून पन्नास वेळा मी ते वाक्य म्हणतो. तिनं मूठ आवळली, चांगली घट्ट. शीर बारीक होती, म्हणून मी म्हटलं, आणखी. दहाव्या वेळी मूठ सैल झाली. पंधराव्या वेळी बोटं तळव्याला टेकेनात. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आली तेव्हा दोन्ही डोळे उघडे होते, आता डावी पापणी अर्ध्यावर आली होती.

"मुद्दाम करते काय, ताई?" मी विचारलं. माझी जीभ अशीच आहे.

"सासरी बी असंच इचारत होते," ती म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात कुरडयाचा सोऱ्या फिरवताना हात गयून जाये माहा. सासूबाई म्हने, माहेरी आयतं खाऊन आली." एवढं बोलेपर्यंत तिचा आवाज नाकातून येऊ लागला होता. वाक्याच्या सुरुवातीला एक बाई आणि शेवटाला दुसरीच.

मी थोडं थांबलो आणि पुन्हा मूठ आवळायला लावली. आता पुन्हा चार वेळा घट्ट. विश्रांती दिली की ताकद परत येत होती. वीस वर्षं शिरा पाहतो आहे, असा हात मी पाहिला नव्हता. सुई तशीच ट्रेमध्ये ठेवून मी भिंतीपलीकडे गेलो आणि डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, हे लालीचं काम नाही. तुम्ही या आणि तिची मूठ मोजा."

डॉक्टर आले, त्यांनी मोजली. नंतर तिला एकपासून आकडे म्हणायला लावले. चाळिसाच्या पुढे शब्द ओळखू येईनात. डॉक्टरांचा चेहरा एकदम उजळला. कपाटातलं जाडजूड पुस्तक काढून त्यांनी मला पान दाखवलं. मायस्थेनिया. स्नायू दमण्याचा आजार. हे त्यांच्या लेखात नाही. लेखात "काळजीपूर्वक तपासणी केली असता" असं आहे.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी सासरच्यांना बोलावून घेतलं. सासरा बापू आला, जीपमधून, धोतर आणि पांढऱ्या सदऱ्यात. मागून त्याचा मुलगा सुरेश, म्हणजे तिचा नवरा. हा मुलगा बापासमोर तोंड उघडायचा नाही. आला, दाराशी उभा राहिला, चप्पल काढून ठेवली.

डॉक्टरांनी दुपारची वेळ मुद्दाम धरली होती. तिच्या दोन्ही पापण्या पडलेल्या, हनुवटीला हाताचा टेकू. डॉक्टरांनी दंडात इंजेक्शन दिलं आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वीस मिनिटं व्हायच्या आत उजवी पापणी हलली, मग डावी. दुकानाचं शटर वर जावं तसे डोळे उघडले. तिनं मान सरळ केली आणि भावाला स्वच्छ आवाजात म्हणाली, "गजा, पानी दे." एका दमात पूर्ण पेला प्याली. आधीच्या चार महिन्यांत पाणी नाकातून परत यायचं तिचं. गजानन रडू लागला. डॉक्टर मला मिठी मारायचे तेवढे बाकी होते.

बापूनं मांडीवर थाप मारली. "पाह्यलं? सुई टोचली, बाई बरी. याले आमच्याकडं सोंग म्हनतात."

डॉक्टर समजावू लागले. नसेनं पाठवलेला निरोप स्नायूला मिळत नाही, हे औषध तो निरोप थोडा वेळ टिकवून धरतं.

"डॉक्टरसाहेब, ताप उतराले तीन दिवस लागते. हा कोनता आजार, जो अर्ध्या तासात पयून जाते? सुईच्या धाकानं उघडले तिनं डोये. मले काय येडं समजता?"

आता पाहा, आजार सिद्ध करणारी जी खूण, तीच त्याला सोंगाचा पुरावा वाटली. आणि त्याची चूक तरी काय म्हणावी? डोळ्यांसमोर घडलं होतं. पण मला तेव्हा एवढं सुचलं नाही. मला राग आला, आणि राग आला की मी सौदा करतो.

"बापू," मी म्हटलं, "सुईचं सोडा. रक्तात दाखवलं तर?"

"रक्तात?"

"हाव. मुंबईले एका मोठ्या संस्थेत आता ही तपासणी होते. या आजारात रक्तात एक वस्तू निघते. सोंग करून ती रक्तात आनता येत नाही."

मुंबईहून असं पत्र डॉक्टरांना आलं होतं, ते मी वाचलं होतं. पूर्ण वाचलं होतं असं म्हणत नाही.

बापूनं मिशीवरून हात फिरवला. "रक्त खोटं बोलत नाही, हे मले मान्य. निघालं, तर मी माह्या जीपमधून नेतो, माह्या घरी दवा करतो. नाही निघालं, तर फारकत. पोराचं दुसरं लगन."

"आणि तोपर्यंत दुसरी मुलगी पाहायची नाही," मी म्हटलं.

"नाही पाहत."

"आणि निघालं तर कुरडया, वेचणी, दळण, डॉक्टर सांगतील तेवढंच."

"तू रक्त तपासतो का वकिली करतो बे?"

"दोन्ही."

त्यानं हात पुढे केला, मी टाळी दिली. मस्त सौदा झाला, असं मला वाटलं. कोपऱ्यात ती बसली होती, डोळे उघडे, पाण्याचा पेला हातात. तिला कोणी विचारलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ती भावाबरोबर पिंपळगावला परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंपळगावला जाऊन रक्त काढलं. तिथल्या ओसरीवर गोठू दिलं, यंत्र सोबत नेलं होतं, तिथेच फिरवलं. गजाननला विचारलं, "नाव काय लिहू?" त्यानं नाव सांगितलं, वेणू, बापाचं नाव, आडनाव. मी शिशीवर चिकटपट्टी लावून तेच लिहिलं. बर्फाच्या थर्मासमध्ये शिशी ठेवली, थर्मास लाकडाच्या भुशात, भुसा गोणपाटात, आणि शेगावहून गाडी धरली.

मुंबईच्या त्या संस्थेत खिडकीवर एक कारकून होता. त्यानं डॉक्टरांचं पत्र पाहिलं, शिशी पाहिली, पुन्हा पत्र पाहिलं.

"पत्रात मंगला, शिशीवर वेणू. खरी कोण?"

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. माझ्या बायकोचं लिहिलं तेव्हा मीच लिहिलं होतं. डॉक्टरांनी सासरचं नाव घातलं, मी माहेरच्या ओसरीवर बसून माहेरचं. आडनावही वेगळं, बापाचं नाव आणि नवऱ्याचं नावही वेगळं. एकाही अक्षराचा मेळ नव्हता.

"एकच बाई आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे लग्नात नाव बदलतात."

"आमच्याकडेही बदलतात. लेखी आहे का काही?"

"तांदळाचं ताट आणू का?"

इथे मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. काय काय बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. त्यानं खिडकी लावून घेतली.

ओरडणं ऐकून आतून एक टेक्निशियन बाई बाहेर आल्या, पन्नाशीच्या, पांढऱ्या कोटात. त्यांनी शिशी उजेडात धरली. "सिरम सुंदर आणलंत हो. एवढ्या लांबून, एवढ्या उन्हात, आणि लालीचा मागमूस नाही. पण नावाचा नियम मोडता येणार नाही. उद्या अशाच चुकीनं कोणाचा रिपोर्ट कोणाला गेला तर?" त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला आणखीच चीड आली. त्यांनी मला चहा पाजला आणि तपासणी समजावून सांगितली. या तपासणीत मण्यारीच्या जातीतल्या एका सापाचं विष वापरतात. ते विष स्नायूवरच्या ज्या जागी नसेचा निरोप येतो, नेमकं तिथेच जाऊन चिकटतं. त्यामुळे ती जागा ओळखता येते आणि तिच्यावर चालून जाणारी रक्तातली वस्तू मोजता येते. मी कान देऊन ऐकत होतो. सापाचं विष आणि त्यानं माणूस वाचवायचा.

मग त्या म्हणाल्या, "एक मात्र लक्षात ठेवा. रक्तात सापडलं, तर आजार आहे असं धरा. सापडलं नाही, तर काहीच धरू नका. काही रोग्यांना आजार असतो आणि तरी रक्त स्वच्छ येतं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

येताना गाडीत मी विचार करत होतो. मी एका बाईचा संसार अशा तराजूवर ठेवला होता, ज्याचं एकच पारडं खरं सांगतं. बापूला जाऊन सांगितलं, तर तो म्हणणार, निघालं तर आजार आणि नाही निघालं तरी आजार, मग तपासायचं कशाला? डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणणार, तुला सौदा करायला कोणी सांगितलं होतं? मी कोणालाच सांगितलं नाही. तिलाही नाही. एवढं साधं वाक्य, आणि माझ्यासारख्या बोलभांड माणसाच्या तोंडून निघेना.

कारकुनाची हकिगत मात्र मी गावभर सांगितली, तीही अशी की दोष सगळा त्याचा. ती फिरत फिरत वरवट बकालला पोचली. बापू तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये हजर.

"ऐकलं म्या. मुंबईवाल्यानं तुह्यं पितय उघडं पाडलं म्हने. माह्या घरात वेणू नावाची बाई नाही. कोनाचं रक्त भरून नेलं होतं?"

"बापू, तोंड सांभाळा."

"तूच सांभाय. आता मी सांगतो तसं करायचं. दोन शिश्या. एक तिची, एक माही. नाव कोन्याच शिशीवर नाही. कोनती कोनाची, ते मले ठाऊक, तुले नाही. मुंबईले बी नाही. मंग पाहू तुह्या सापाचं इष काय सांगते."

मी उसळलो. माझ्याच लॅबमध्ये मला चोर ठरवतो? हातातली काचपट्टी मी भिंतीवर आपटली. बापू तसाच बाकावर बसून राहिला, बाजारात बैलाची किंमत उतरायची वाट पाहतात तसा. काचा गोळा करता करता माझ्या ध्यानात आलं, की याहून चोख तपासणी होऊच शकत नाही. नावाचा घोळ संपला, माझ्यावरचा संशय संपला, आणि आजार निघाला तर बापूला तोंड फिरवायला जागा उरली नाही. माणूस माझ्यापेक्षा पक्का निघाला होता. हेच मला सोसवत नव्हतं.

"ठीक," मी म्हटलं. "पन खुणेचा कागद तुमच्या खिशात नाही राहनार. डॉक्टरांच्या पाकिटात."

"मंजूर."

तिला आणलं. तिचं रक्त घेतलं, मग बापूचं. सुई लागताना बापूनं मान पलीकडे फिरवली, हे मी कोणाला तरी सांगायचं म्हणून इतकी वर्षं राखून ठेवलं होतं. दोन्ही फिरवून सिरम वेगळं केलं. दोन सारख्या शिश्या, एकाच रंगाचं पाणी. मग बापू म्हणाला, "आता तू भाईर जाय." मी माझ्याच लॅबच्या पायरीवर उन्हात उभा राहिलो. आत डॉक्टरांच्या समोर बापूनं शिश्यांना दोरे बांधले, एकीला लाल, एकीला पांढरा. कागद पाकिटात गेला, पाकिटावर डॉक्टरांची आडवी सही.

पुन्हा शेगाव, पुन्हा गाडी. ऊन असं, की भुसावळच्या अलीकडेच बर्फाचं पाणी झालं. भुसावळला उतरून मी फलाटावरच्या लस्सीवाल्याची गाडी गाठली.

"बर्फ अलग से नहीं देता, लस्सी लो."

"लस्सीचे पैसे घे. लस्सी तूच पी. मला फक्त बर्फ दे."

त्याला संशय आला. "इसमें है क्या?"

"दो आदमी का खून."

त्यानं थर्मास काठोकाठ भरला, वर गोणपाटातही बर्फाचा खडा घातला, पैसे घेतले नाहीत आणि गाडी लोटत फलाटाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. तो खडाच मनमाडपर्यंत कामी आला.

मुंबईच्या खिडकीवर तोच कारकून. "आज नाव काय?"

"लाल दोरा आणि पांढरा दोरा."

त्यानं खिडकी लावायला हात घातला, तेवढ्यात त्या टेक्निशियन बाई धावत आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बापूनं सांगितलेली युक्ती ऐकून खळखळून हसल्या आणि त्यांच्या साहेबांची परवानगी स्वतः आणली. "तुमच्या त्या बापूंना आमच्याकडे नोकरीला पाठवा," म्हणाल्या.

रिपोर्ट टपालानं येणार होता. नमुने पुरेसे जमले की सगळे एकदम तपासतात, त्याला वेळ लागतो. तीन आठवडे मी पोस्टमनला चौकात गाठत होतो. शेवटी तो मला पाहिलं की गल्ली बदलू लागला. कामात लक्ष नव्हतं. कोणाचीही शीर शोधताना मला ती सैल होणारी मूठ दिसायची. पाकिटातून दोन्ही कोरे निघाले तर? ती आजारी आहे हे मी माझ्या बोटांनी ओळखलं होतं. तरी माझ्याच टाळीमुळे तिची फारकत होणार होती.

पाकीट आलं. दुपारी सगळे डॉक्टरांच्या खोलीत जमले. बापू खुर्चीवर, गजानन भिंतीला टेकून, ती बाकावर. सुरेश बाहेर जीपपाशी. डॉक्टरांनी कागद उलगडला.

"लाल दोरा. काही सापडलं नाही."

मी बापूच्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांची तोंडं वाचली, पण त्या तोंडावर एक रेघ हलली नाही.

"पांढरा दोरा." डॉक्टर थांबले, चष्मा सारखा केला. "सापडलं. भरपूर."

त्यांनी खुणेचं पाकीट उचललं. बापूनं हात आडवा केला. "राहू द्या. पांढरा तिचा."

तरी गजाननानं पाकीट फोडायला लावलंच. बरोबर होतं, त्यात बापूच्याच बाळबोध अक्षरात लिहिलं होतं, पांढरा, सून.

"म्हंजे त्या दिवशी ती सुई..." बापूनं वाक्य सोडून दिलं. मी त्याला समजेल असं सांगितलं, "बापू, मालक हाक मारतो आणि गडी उठत नाही. तुम्ही म्हनता गडी आळशी. त्याचे कान बंद झाले असतील तर? त्या सुईनं थोडा वेळ कान उघडले, बस."

त्यानं मान हलवली. सुनेकडे पाहिलं नाही. डॉक्टरांना विचारलं, "गोयी दिवसातून कितीदा?" मग उठला. "चाल. जीप आनली हाय."

ती उठली नाही. दुपार होती, उजवी पापणी उतरली होती. तिनं ती बोटानं वर धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, पांढऱ्यात काही निघालं नसतं तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. "तरी आजार असू शकला असता," मी म्हटलं. "काहींच्या रक्तात येत नाही."

"हे तुम्हाले कवा कळलं?"

"पहिल्या फेरीत. मुंबईले."

"बापूले सांगितलं?"

"नाही."

"मले?"

मी नकाराची मान हलवली. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी हे दडवून ठेवलं, हे त्यांनाही तेव्हाच कळत होतं.

बापू दारातून माघारी आला. "म्हंजे तू मले अर्धा माल दाखवून सौदा केला?"

"तुम्हाले नाही फसवलं, बापू. तुमचा काय तोटा होता? फसवलं तिले."

आयुष्यात मी असं वाक्य दुसऱ्यांदा म्हटलेलं नाही. बापू काही बोलणार होता, पण ती बोलली. आवाज नाकात गेला होता, तरी एकेक शब्द सुटा करून बोलली.

"रक्त माहं. टाळी तुमची. मी आज येत नाही. गोयी चुकली तर मी घास गिळू शकत नाही, हे ज्याले कळन, त्यानं न्याले यावं. तुम्ही नका येऊ."

बापूला असं कोणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता भडकतो. त्यानं फक्त टोपी सारखी केली आणि गेला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. ती भावाबरोबर पिंपळगावच्या एस.टी.त बसली. डॉक्टर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. त्यांनी लेखातून मला वगळलं ते यामुळेच, असं माझी बायको म्हणते. मला ते पटत नाही, आणि पटलं तरी मी कबूल करणार नाही.

त्यानंतर आठेक दिवसांनी, सकाळी लॅब उघडत होतो, तर पायरीवर सुरेश बसलेला. एकटाच. वरवटहून पहिल्या एस.टी.नं आला असावा, सदऱ्यावर रस्त्याची धूळ होती. हातात चौपट घडी घातलेला वहीचा कागद आणि पेन्सिल.

"भाऊ," तो म्हणाला, "एखादी गोयी चुकली तर पहिलं काय बंद होते? डोये का गिळनं?"

त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जाड, जरासा घोगरा आवाज. मी त्याला आत बसवलं आणि मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. गोळी जेवणाआधी अर्धा तास. घास लहान. श्वास लागला, मान धरवेना, तर कोणालाही विचारत न बसता गाडी करून निघायचं. आणि जे त्याच्या बापाला वेळेवर सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं: पुढेमागे तपासणीत काही नाही आलं, तरी तिच्यावर विश्वास ठेवायचा. तो लिहीत होता. लिहिणं हळू होतं. दोनदा त्यानं मला थांबवलं आणि वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

लिहून झाल्यावर त्यानं कागद मला वाचून दाखवला. एक चूक होती, ती मी दुरुस्त केली. मग त्यानं विचारलं, पिंपळगावची गाडी किती वाजता आहे?